आशेला औजार लागतं

सोलापूर-विजयपूर रस्त्यावरच्या मंद्रूप भागात सप्टेंबरचा पाऊस झाला की मालदांडी ज्वारीच्या पेरणीची लगबग सुरू होते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. पेरणीनंतर तर त्याचा फारसा भरवसा नाहीच. पीक काळ्या मातीतल्या ओलीवर उभं राहतं.

म्हणून इथला आशावादी शेतकरी आभाळाकडे बघत बसत नाही. उन्हाळ्यात बांधबंदिस्ती, पावसाळ्यात कुळवणी, पीक उगवल्यावर कोळपणी. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात, ओल टिकते. नुसतं ‘होईल सगळं ठीक’ म्हणणं मला तरी आळसच वाटतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी आशावाद तपासायला विमा विकणाऱ्यांचा अभ्यास केला. नकार तात्पुरता मानणारे जास्त विमा विकत आणि नोकरीतही टिकत. ‘आज जमलं नाही’ आणि ‘मला जमतच नाही’, एवढाच काय तो फरक! आपल्याकडचा शेतकरीही नापिकीचा दोष त्या सालाला देतो, जमिनीला नाही. आणि दाणा गेला तरी कडबा किती निघाला, हे आधी बघतो.