अर्जावरचा फोन नंबर

(संघटनेच्या सांगली येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला माइकसमोर बोलायची सवय नाही. अकरा वर्षं मी इथल्या एका सहकारी बँकेत हिशेबाच्या टेबलावर काम केलं. तिथे बोलणं कमी आणि आकडे जुळवणं जास्त. डिसेंबर २०२२ मध्ये नवरा आणि मुलीबरोबर मी कॅनडात, टोरांटोशेजारच्या ब्रॅम्प्टनला राहायला गेले. सुट्टीवर आले तेव्हा ताईंनी आग्रह केला, की तिकडे नोकरी कशी शोधलीस ते सांग. मघाशी चहाच्या वेळीही तिघी-चौघींनी तोच प्रश्न विचारला. कुणाची मुलगी, कुणाची सून तिकडे आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर अर्ज करते आणि उत्तर येत नाही. 'तिचं काय चुकतंय गं?' असं एका मावशींनी विचारलं. माझं काय चुकलं तेच आधी सांगते.

आमचा स्थायी निवासाचा अर्ज होता, त्यात नवरा 'मुख्य अर्जदार' होता आणि मी त्याच्यासोबत येणारी जोडीदार. कागदावर ही सोय असते. पण ती कागदावरून हळूहळू घरात कधी उतरते, ते कळत नाही. तिथे पोचल्यावर पैसे वाचवायचे म्हणून आम्ही एकच फोन घेतला, नवऱ्याच्या नावाने. ईमेल घरचा एकच होता, त्याने उघडलेला. मी नोकरीच्या साइटवर नाव नोंदवलं तेव्हा नंबर त्याचा दिला आणि ईमेलही तोच.

चार महिन्यांत मी १४० अर्ज केले. रात्री मुलगी झोपली की बसायचं, दिसेल त्या जाहिरातीवर बटण दाबायचं. उत्तर नाही. मला वाटायला लागलं, आपल्या अकरा वर्षांना इथे काडीची किंमत नाही. एप्रिलमध्ये एकदा मी त्या ईमेलमध्ये मुलीच्या शाळेचं पत्र शोधत होते. तिथे मुलाखतीचं बोलावणं सापडलं, तीन आठवड्यांपूर्वीचं. नवऱ्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, ''अगं हो, एकदा फोनपण आला होता कुणाचा तरी. शनिवारी काम होतं. मी सांगितलं, तिला जमणार नाही.''

मैत्रिणींनो, माझा नवरा वाईट माणूस नाही. त्याने दडपून ठेवलं नाही, विचारल्यावर लगेच सांगितलं. माझ्या वतीने 'नाही' म्हणताना आपण काही विशेष करतोय, असं त्याला वाटलंच नाही, हेच मला लागलं. आणि तो नंबर अर्जावर मीच लिहिला होता. त्या रात्री आमचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःचं सिमकार्ड घेतलं, स्वतःचा ईमेल उघडला आणि बँकेत जाऊन स्वतःचं खातं काढलं. तिथे ओळखीचे योग्य कागद असले, तर नोकरी नसली आणि खात्यात टाकायला पैसे नसले तरी बँकेला साधं खातं उघडून द्यावं लागतं. हे पुष्कळ बायकांना माहीत नसतं. म्हणून माझी पहिली सूचना हीच, की अर्जावरचा नंबर, ईमेल आणि पगार जमा होणारं खातं स्वतःचं हवं. त्याचे पासवर्डही स्वतःपाशीच.

आता दुसरी गोष्ट, कामाच्या नावाची. मी 'बँक ऑफिसर' असं लिहून शोधत होते. इथे मी ऑफिसर होते, पण तिथे त्याच कामाला वेगळी नावं आहेत. कॅनडा सरकारने सगळ्या व्यवसायांचं वर्गीकरण केलं आहे आणि प्रत्येक कामाला पाच आकडी क्रमांक दिला आहे. त्यात प्रत्येक क्रमांकाखाली त्या कामाची चालू नावं आणि रोज काय करावं लागतं याची यादी असते. मी ती यादी घेऊन बसले. 'हिशेब कारकून' हा क्रमांक १४२००. त्याखालची कामं वाचली आणि लक्षात आलं, हे तर मी अकरा वर्षं करत होते! बिलं तपासणं, देणी-येणी लिहिणं, बँकेचा ताळमेळ घालणं. तिथून खरी शोधायची नावं सापडली.

सरकारची स्वतःची नोकऱ्यांची साइट आहे, तिचं नाव जॉब बँक. ती फुकट आहे. तिच्यावर एक सोय फार कामाची आहे. कोणत्या भागात कोणत्या कामाला ताशी कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त किती पगार मिळतो, ते तिथे पाहता येतं. आपण नव्या असलो की कुणी काहीही सांगतं आणि आपण मान डोलावतो. ऑन्टॅरिओ प्रांतात ऑक्टोबर २०२५ मध्ये किमान वेतन ताशी १७ डॉलर ६० सेंट झालं. त्याच्या खाली कुणी बोललं, तर ते बेकायदा आहे. आणि अनुभवी हिशेबनीस बाईला किमान वेतनावर बसवायला कुणी निघालं, तर निदान आपल्याला मधला आकडा माहीत हवा. इंडीड, लिंक्डइन या खाजगी साइटही मी वापरल्या. तिन्हीकडे शोध एकदा नीट भरून ठेवला की त्या जातीची नवी जाहिरात आली, की ईमेल येतो. मग रात्र-रात्र चाळत बसावं लागत नाही.

तिसरी गोष्ट अर्जाची. आपला बायोडाटा म्हणजे फोटो, जन्मतारीख, वडिलांचं किंवा पतीचं नाव, विवाहित-अविवाहित, कधी कधी जात-धर्मसुद्धा. तिथे यातलं काहीही लिहायचं नसतं. तुझं लग्न झालंय का, मुलं किती, हे मालकाने निवड करताना धरायचं नाही, असं प्रांताचा मानवी हक्क कायदा सांगतो. आपणच आपल्या हाताने ती माहिती का द्यायची? माझा पहिला अर्ज चार पानांचा होता आणि पहिल्या पानावर माझा फोटो आणि नवऱ्याचं नाव. आता दोन पानं आहेत.

शिवाय पुष्कळ ठिकाणी अर्ज आधी संगणक चाळतो. जाहिरातीतले शब्द अर्जात नसले, तर तो माणसाच्या हातात लवकर पोचत नाही. म्हणून एकच अर्ज सगळीकडे धाडायचा नाही. खोटं लिहायचं नाही, पण आपलं खरं काम त्यांच्या शब्दांत लिहायचं. मी टॅलीवर काम केलं होतं, तिथे क्विकबुक्स चालतं. मी ते शिकले आणि दोन्ही लिहिलं. आपल्याकडे जीएसटीत खरेदीवरच्या कराची वजावट मिळते, तशीच तिथल्या एचएसटीतही मिळते, ऑन्टॅरिओत तो १३ टक्के आहे. हे मुलाखतीत सांगितलं तेव्हा समोरच्या बाईंचा चेहरा बदलला. मुलगी लहान असताना मी दोन वर्षं घरी होते. ती जागा मी आधी काहीबाही लिहून झाकत होते. आता सरळ लिहिते: दोन वर्षं बालसंगोपन. ते काम नव्हतं असं म्हणायची लाज मला वाटली पाहिजे, केल्याची नाही.

चौथी गोष्ट जरा कडू आहे. सगळं नीट करूनही नकार येतात आणि त्यात सगळा दोष आपला नसतो. टोरांटोमध्ये एका अर्थशास्त्रज्ञाने सुमारे १३ हजार बनावट अर्ज मालकांना पाठवून पाहिले. ते संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. शिक्षण आणि अनुभव सारखाच असताना इंग्रजी नावाच्या अर्जदाराला जास्त बोलावणी आली आणि भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांना कमी. अनुभव परदेशातला असला तर आणखी कमी. हे वाचलं त्या दिवशी मी रडले आणि हलकीही झाले. मग ती भिंत माझ्या डोक्यात नव्हती तर, ती खरोखरच होती.

तिथे सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे 'कॅनडाचा अनुभव'. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच सांगितलं, की ही अट सकृद्दर्शनी भेदभावाची आहे. आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथे कायदाच लागू झाला आहे. २५ किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला जाहिरातीत कॅनडाच्या अनुभवाची अट घालता येत नाही. बहुतेक जाहिरातींत पगार किती ते लिहावं लागतं. अर्ज चाळायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरत असतील तर तसं सांगावं लागतं. मुलाखत घेतली तर निर्णय झाला की नाही, ते ४५ दिवसांत कळवावं लागतं. कायदा आला म्हणजे माणसं बदलली असं नाही, हे इथे बसलेल्या बायकांना मी सांगायला नको. पण कायदा माहीत असलेली बाई निदान वेगळ्या सुरात प्रश्न विचारते.

पाचवी गोष्ट फसवणुकीची. ती ज्याला गरज आहे त्याच्याच दारात येते. आमच्या इमारतीत एक शिकायला आलेली मुलगी होती. तिला 'घरबसल्या काम' म्हणून निरोप आला. मुलाखत नाही, नुसती लिखापढी. त्यांनी चेक पाठवला, म्हणाले, खात्यात भर, तुझा पगार ठेव आणि उरलेले पैसे सामानासाठी अमक्याला पाठव. तिने पाठवले. पुढच्या आठवड्यात चेक परत आला आणि सगळे पैसे तिच्या खात्यातून गेले. ती आठ दिवस कुणाशी बोलली नाही. तेव्हा मुलींना सांगा, नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो तो नोकरी देत नसतो. परवान्यासाठी नोकरीचं पत्र विकत देतो म्हणणारे आपल्याच भाषेत बोलतात, पण तो गुन्हा आहे. तिथला सामाजिक विमा क्रमांक अर्जावर कधीच लिहायचा नाही. तो कामावर घेतल्यावरच द्यायचा असतो. आणि मुलाखत कुणाच्या घरी किंवा हॉटेलच्या खोलीत ठेवली असेल, तर जायचंच नाही.

आता मला नोकरी कशी लागली ते सांगते. नुसत्या साइटने लागली नाही. नव्याने आलेल्या स्थायी निवासींसाठी सरकारच्या पैशाने चालणाऱ्या मदत संस्था आहेत, त्या फी घेत नाहीत. तिथे एका बाईंनी माझा अर्ज तीनदा दुरुस्त केला. मी घरी सांगितलं, की रोज संध्याकाळी दोन तास मी ग्रंथालयात बसणार, त्या वेळी मुलगी आणि स्वयंपाक नवऱ्याकडे. पहिल्या आठवड्यात भात करपला. तो शिकला. एक वही केली, आपल्या खतावणीसारखी. तारीख, कंपनी, कामाचं नाव, कोणता अर्ज पाठवला, पुढे काय झालं. पोटासाठी मधले पाच महिने एका गोदामात रात्रपाळीला खोकी भरली. पाय सुजायचे. तेही अर्जात लिहिलं.

पुढच्या काळात मी फक्त २३ अर्ज केले आणि चार मुलाखती झाल्या. चौथ्या ठिकाणी अर्ज करण्याआधी लिंक्डइनवर तिथल्या हिशेब विभागातल्या एका बाईला दोन ओळी लिहिल्या. नोकरी मागितली नाही. तुमचं काम कसं चालतं, पंधरा मिनिटं बोलाल का, एवढंच विचारलं. ती बोलली. तिची सहकारी बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती. तिथे ही रजा वर्ष-दीड वर्षाची असते, म्हणून तेवढ्या मुदतीच्या जागा निघतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मी त्या जागेवर लागले. ती परत आली तेव्हा मला दुसऱ्या टेबलावर कायम केलं. एका बाईला रजेचा हक्क होता म्हणून दुसरीला शिरकाव मिळाला, हे मी विसरत नाही.

मावशी, तुमच्या मुलीचं काय चुकतंय ते मला माहीत नाही. कदाचित काहीच चुकत नसेल. पण आज रात्री तिला फोन कराल तेव्हा एवढं विचारा, अर्जावर नंबर कुणाचा आहे? आणि तो फोन तिच्याच हातात असतो ना?