कपाशीचे पान उलटून पाहा
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



आपल्या धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनच्या मानाने कपाशीचे क्षेत्र थोडे आहे. परंतु कळंब, भूम, परांडा भागात ज्यांनी कपाशी घेतली, त्यांचा बोंडे भरण्याचा काळ आणि परतीचा पाऊस बरोबरच येतो. याच वेळी पाने खराब होतात, आणि आपण दुकानात जाऊन 'पाने लाल पडली, औषध द्या' म्हणतो. येथेच पैसा वाया जातो. पान खराब होण्याची कारणे निरनिराळी आहेत. म्हणून फवारणीपूर्वी झाडाचे खालचे पान तोडून उलटून पाहावे.

दहिया : पानाच्या वरच्या बाजूस फिकट, शिरांच्या मध्ये कोंडलेले कोनाकृती ठिपके दिसतात. खालच्या बाजूस दही शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी असते. ढगाळ, दमट व थंड हवेत हा रोग बुडातील पानांपासून वर चढतो. पाने अकाली गळाल्याने बोंडे नीट भरत नाहीत.

अल्टरनेरिया करपा : तपकिरी गोल ठिपके पडून त्यात एकात एक वलये दिसतात. पुढे ठिपक्याचा मधला भाग वाळून फाटतो. पालाश कमी पडलेल्या पिकावर हा रोग अधिक येतो.

आता या दोहोंशी गल्लत होते ती लाल्याची. लाल्या बुरशीने होत नाही. मॅग्नेशियम व नत्राची कमतरता, पाण्याचा ताण आणि रात्रीची थंडी यामुळे पान लाल पडते. त्यावर बुरशीनाशक मारून उपयोग नाही. मॅग्नेशियम सल्फेट १ टक्का, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, फवारावे. पानाच्या कडा खाली मुरडून लाल झाल्या असतील व उलट बाजूस तिरपे चालणारे हिरवे किडे दिसले, तर ते तुडतुडे समजावेत. त्यांचा बंदोबस्त वेगळा आहे.

दहिया दिसू लागताच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक ३० ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यातून फवारावे. मात्र भर उन्हात फवारू नये, पाने करपतात. दहिया वाढला असल्यास किंवा करपा असल्यास ॲझोक्सिस्ट्रोबिन १८.२ टक्के अधिक डायफेनोकोनॅझोल ११.४ टक्के हे मिश्र बुरशीनाशक १० मि.लि. प्रति १० लिटर पाण्यातून वापरावे. द्रावण बुडातील पानांच्या खालच्या बाजूस पोचले पाहिजे. वरून शिंपडल्यास रोग जागेवरच राहतो. जरूर पडल्यास १५ दिवसांनी पुन्हा फवारणी करावी.

फवारणीइतकीच महत्त्वाची मशागत आहे. शेतात पाणी साचू देऊ नये. नत्राचा अतिरेक टाळावा. लागवड फार दाट करू नये. फरदड ठेवू नये. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी व रोगट पालापाचोळा शेतात राहू देऊ नये, कारण पुढील हंगामाची बुरशी त्यातच टिकून राहते. पिकाची फेरपालट करावी.

शेवटी एक कळकळीची विनंती. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून मनाने औषधांची मिसळ करू नये. हातमोजे व तोंडाला फडके असल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. शंका असल्यास रोगट पान घेऊन तुळजापूरच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा गावच्या सहायक कृषि अधिकाऱ्याकडे जावे. पान ओळखायला वेळ लागला तरी चालेल, पण चुकीच्या औषधाचा खर्च अंगावर येता कामा नये.