उमेदवारी आणि सेवा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी व पालक यांच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सव समितीने विषयाची निवड माझ्यावरच सोपविली होती, आणि मला तो एका कागदावरून सुचला. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आपल्यातील काही विद्यार्थी एक छापील तक्ता घेऊन माझ्याकडे येतात. त्यात तारीख, कामाचे स्वरूप, तास, आणि खाली सही-शिक्क्याची जागा असते. कित्येकांना त्या सही-शिक्क्याखेरीज माझ्याकडून दुसरे काहीच नको असते. असा शिक्का मी मारीत नाही, हे येथे बसलेल्या काही जणांस ठाऊक आहेच. परंतु नुसते नाही म्हणून भागत नाही. हा तक्ता आला कोठून, त्यामागे कोणता विचार होता, आणि त्या विचाराचे चीज होईल असे आपल्या गावी काय करता येईल, हे सांगणेही माझ्याकडे येते.

नवे शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमाचा जो आराखडा काढला, त्यात उमेदवारी व लोकांमध्ये जाऊन करावयाचे काम यांना परीक्षेच्या विषयांच्या पंक्तीस बसविले. अशा कामाचे साधारण तीस तास भरले म्हणजे एक श्रेयांक पदरात पडतो. सरकारी कागदांवर ह्या उमेदवारीस ‘आंतरवासिता’ असे भारदस्त नाव आहे. मला आपला जुना शब्दच बरा वाटतो. आपल्या आजोबांच्या काळी कचेरीत प्रथम उमेदवारी करावी लागे. पगार नसे, किंवा नावापुरता असे. पण उमेदवार हाताखाली बसून काम शिके, आणि त्याचा हात कोठे चुकतो हे पाहणारा कोणीतरी शेजारी असे. त्या शब्दात उमेद आहे, हेही विसरू नये.

सेवेची गोष्ट मात्र निराळी आहे व तिचा इतिहास लांबचा आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगाने १९४८-४९ मध्येच विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी असे सुचविले होते. पुढे १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांची समिती नेमली गेली. शाळा संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष सेवा केलीच पाहिजे, असा तिचा अभिप्राय पडला. एवढा खर्च कोणी सोसावा? शिवाय सक्ती कोणास रुचणार? योजना कागदावरच राहिली. प्रा. सैयदैन यांनी १९६० साली परदेशांतील पद्धती पाहून सक्तीऐवजी स्वेच्छेचा मार्ग सुचविला. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत व ४०,००० विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे एक शिबिर, असा तिचा परिपाठ. आपल्या गावातील आज साठीला पोहोचलेले कित्येक गृहस्थ त्या शिबिरांच्या गोष्टी अजून चवीने सांगतात. बहुतेक गोष्टी खिचडी करपल्याच्या असतात, ते सोडून द्या.

म्हणजे सक्ती की स्वेच्छा, हा वाद साठ वर्षांपूर्वी एकदा होऊन गेला होता. आता तो श्रेयांकाच्या वाटेने पुन्हा दारात आला आहे. माझे मत विचाराल तर, सक्तीने माणूस दारापर्यंत नेता येतो. आत जाऊन बसणे त्याच्या मनावर असते. तेवढे जरी झाले तरी मी सक्तीस अगदीच टाकाऊ म्हणणार नाही.

अमेरिकेत १९६०-७० च्या दशकात सेवा आणि शिक्षण यांची सांगड घालण्याची चळवळ निघाली. तिच्या प्रवर्तकांपैकी रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ साली तीन तत्त्वे मांडली. ज्यांची सेवा करावयाची, त्यांनीच सेवा कोणती ते ठरवावे, हे पहिले. त्या सेवेने ते परावलंबी न होता अधिक समर्थ व्हावेत, हे दुसरे. आणि सेवा करणारा स्वतः शिकणारा आहे, हे तिसरे. तिसरे आपण चटकन मान्य करतो, दुसरे भाषणांत येते. पहिल्याची मात्र कोणास आठवण राहत नाही. आदिवासी पाड्यावर मोटार भरून मुले जातात, भिंतीवर चित्रे काढतात, छायाचित्रे घेतात व सायंकाळी परततात. पाड्यावरील बाईला भिंतीवर चित्र हवे होते की हातपंप दुरुस्त व्हावयास हवा होता, हे तिला विचारलेच कोणी?

हीच तक्रार अधिक कडक शब्दांत एका धर्मगुरूने केली आहे. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे, खेड्यांत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे इव्हान इलिच यांचे भाषण झाले. पाहावयास या, शिकावयास या, पण मदत करण्यासाठी येऊ नका, असा त्यांचा रोख होता. ज्या लोकांची भाषा तुम्हांला येत नाही, त्यांना तुमच्या हेतूशी काय करावयाचे आहे? मी इलिच यांच्याइतका टोकाला जाणार नाही, कारण आपली मुले परकी नाहीत. त्यांना भाषा येते. म्हणूनच त्यांनी आधी आपल्याच आळीत काम करावे, असे मला वाटते.

आता आपल्या वसईच्या पट्ट्याकडे पाहा. आपल्या वाड्या विहिरींच्या व बावखलांच्या पाण्यावर पोसल्या. किती बावखले बुजली आणि किती विहिरींचे पाणी मचूळ झाले, हे आपण बोलण्यात सांगतो, पण आळीवार नोंद कोणाच्या घरी आहे? रसायनशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्याच त्या विहिरींचे पाणी तपासून क्षारांचे प्रमाण लिहून ठेवावे. नमुना कसा घ्यावा, बाटली कशी धुवावी, एक आकडा संशयास्पद वाटला तर पुन्हा कसे मोजावे, हे सारे त्यांना शिकावे लागेल. विहिरीच्या मालकाला त्याचा आकडा समजावून सांगावा लागेल. ते काम तपासणीहून कठीण आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी घरोघर जावे. ज्या म्हाताऱ्या बाईच्या बोटाचा ठसा यंत्र घेत नाही, तिच्यापाशी बसल्यावर कारभार म्हणजे काय ते कळेल. मराठीच्या विद्यार्थ्यांनी आपली सामवेदी व वाडवळी बोली बोलणाऱ्या आजीआजोबांकडून शेतीचे, मासळीचे, लग्नाचे शब्द टिपून घ्यावेत. ह्या कामाला पुढल्या पिढीपर्यंत थांबता येणार नाही, हे मी वेगळे सांगावयास नको.

पालकांशी एक गोष्ट बोलतो, आणि ती पैशाची आहे. बिनपगारी उमेदवारी ज्याच्या घरी दोन पगार येतात त्यालाच परवडते. ज्या मुलाने सुट्टीत कमावून पुढील सत्राची फी भरावयाची, त्याने दोन महिने फुकट राबावे आणि वर लोकलचा पासही स्वतःच काढावा, हा न्याय नव्हे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदलेल्या उमेदवारास विद्यावेतन द्यावेच लागते. साध्या उमेदवारीस तसे संरक्षण सहसा नसते. २०२४ साली सरकारने मोठ्या कंपन्यांत उमेदवारीची योजना काढली, तीत दरमहा ५,००० रुपये ठेवले होते; पण सुरू होताना ती २१ ते २४ वयाच्या आणि पूर्ण वेळ शिक्षणात नसलेल्या तरुणांसाठी होती. म्हणून मुलाला कोठे धाडण्यापूर्वी विचारा: काम कोणते, शिकविणार कोण, विद्यावेतन किती, प्रवासखर्च कोणाचा? उलट मुलाकडूनच पैसे घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र धाडणाऱ्या मंडळ्याही निघाल्या आहेत. त्यांच्या वाटेस जाऊ नका.

आपल्या गावात दुकानदार, वकील, हिशेबनीस, डॉक्टर, बागाईतदार आहेत. महोत्सवात मंडपावर जो खर्च होतो त्याबद्दल मी काही बोलत नाही. समितीचे सभासद समोरच बसले आहेत. परंतु ह्या मंडळींपैकी प्रत्येकाने सुट्टीत एकेक विद्यार्थी हाताखाली घेतला आणि त्याला पासाचे व जेवणाचे पैसे दिले, तर कोणाचे दिवाळे निघणार नाही.

विहिरींच्या कामाला किमान आठ मुले लागतील, दाखल्यांच्या कामाला सहा. बोलीच्या कामाला कितीही चालतील. धर्मग्रामाच्या कचेरीत आजपासून तीन वह्या ठेवल्या आहेत. उमेदवार घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी चौथी आहे. विहिरींचे पहिले नमुने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ऊन चढण्यापूर्वी घ्यावयाचे आहेत. तेव्हा नावे एप्रिलअखेर यावीत, म्हणजे बाटल्या मागविता येतील.