शिक्षकांचा ग्रुप : वर्ग की कचेरी?



शिक्षकाने शिक्षकाकडून शिकावे ही कल्पना काही मोबाइलबरोबर आलेली नाही. १८६१ साली ‘मराठी शालापत्रक’ निघाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यामागून विष्णुशास्त्री यांनी ते चालविले. पत्र सरकारी होते. त्यातील लिखाण सरकारास रुचेनासे झाले आणि १८७५ साली ते बंद पडले. ही जुनी हकीकत मुद्दाम सांगितली. शिक्षकांनी आपसात बोलावे ते कोणाच्या नजरेखाली, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. साधन तेवढे नवे आले आहे, आणि ते साधन म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप.

या साधनाला नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. डोंगराच्या कुशीतील द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. दोघांत चार इयत्ता वाटून घेतलेल्या. एखादा धडा जमला नाही तर विचारायचे कोणाला? केंद्राची शिक्षण परिषद असते, परंतु अडचण काही परिषदेची तारीख पाहून येत नाही.

समजा, ४०३ मधून १७८ वजा करावयास सांगितले. उत्तर २२५. पण निम्म्या पाट्यांवर ३७५ आले. फुली मारून पुढे जाणे सोपे. परंतु निरखून पाहिले तर काय दिसते? मुलांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: आठातून तीन, सातातून शून्य, चारातून एक. हा आळस नव्हे. मुलांनी स्वतःच एक नियम बसविला आहे, आणि तो चुकीचा आहे. आता बाईंनी, मुलाचे नाव झाकून, त्या पाटीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि विचारले, ‘हातचा शिकवूनही असे का होते?’ दुसऱ्या तालुक्यातील एक गुरुजी लिहितात, आधी काड्यांवर करून घ्या. शंभराचा गठ्ठा सोडून दहा-दहाचे दहा गठ्ठे करा, त्यांतला एक सोडून सुट्या काड्या करा. कोणी सांगते, काड्या ठेवा, नोटा आणा. दुकानदाराकडे शंभराच्या चार नोटा आणि तीन सुटे रुपये असताना तो १७८ रुपये कसे देईल, हे मुलांनाच विचारा. तिसरे कोणी हरकत घेते की, मधले शून्य इतक्या लवकर आणलेत कशाला? वार्षिक प्रशिक्षणाची वाट पाहिली असती तर तोवर ती मुले पुढल्या इयत्तेत गेली असती.

अशी देवघेव होते, आम्ही ती पाहिली आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली, हे आपणांस ठाऊक आहेच. त्यांची पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापण्याची युक्ती एका लहान गावातल्या शाळेतून निघून राज्याच्या पुस्तकांत गेली. युक्ती एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाते ती अशी.

मग दुखते कोठे? ग्रुपवर दिवसभर येते काय ते पाहा. ‘माहिती तात्काळ सादर करावी.’ ‘सोबतचा नमुना दुपारी दोनपर्यंत भरावा.’ ‘उपक्रमाचे फोटो अद्याप न आलेल्या शाळा.’ त्यावर साठ जणांचे ‘ओके सर’. पहाटेची सुविचाराची चित्रे वेगळीच! या गर्दीत पाटीचा तो फोटो टाकणार कोण? बरे, ग्रुपमध्ये केंद्रप्रमुख आहेत, विस्तार अधिकारी आहेत. ‘मला हे शिकवता येत नाही’ हे वाक्य साहेबांसमोर कोणता शिक्षक लिहील? साहेब वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. परंतु जो तपासावयास येणार त्याच्यापुढे माणूस अडचण झाकतो, आणि अडचण झाकली की शिकणे संपते. म्हणून हुकमाचा ग्रुप निराळा आणि अभ्यासाचा निराळा असावा, आणि दुसऱ्यात अधिकाऱ्याने निमंत्रणावाचून येऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामाला शिक्षकांस जुंपण्यास मनाई केली आहे. नमुने भरीत बसण्याचे काम यांपैकी कशात बसते, ते कायदेपंडितांनी सांगावे.

आता आपल्याकडे, म्हणजे पालकांकडे येऊ. २०२० साली शाळांना कुलपे लागली तेव्हा याच वाटेने अभ्यास घरोघर गेला. सगळीकडे मात्र पोचला नाही. २०२१ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण त्यांपैकीही सुमारे चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो पडत नव्हता. फोन वडिलांच्या खिशात, आणि वडील कामावर! आज फोन वाढले आहेत. खिसा बहुधा तोच आहे.

आणि फोन आहे तेथे दुसरे काही घडते. घटक चाचणीच्या गुणांची यादी नावानिशी वर्गाच्या ग्रुपवर पडते. पूर्वी गुण मुलाला कळत आणि फार तर बापाला; आता गल्लीला कळतात. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक आईचा नंबर चाळीस अनोळखी घरांपुढे उघडा असतो, ही गोष्ट कोणी ध्यानात घेत नाही. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळताना पालकांची संमती हवी, हे तत्त्व २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याने मानले आहे. पण लाजेने मान खाली घातलेल्या मुलासाठी कायद्याची वाट कशाला पाहावी? ग्रुपवर फक्त सूचना द्यावी, तीही शिक्षकांनाच लिहिता येईल अशी व्यवस्था करून. गुण, गैरहजेरी, वागणूक हे ज्याचे त्याला कळवावे. शिक्षकांस रात्री दहाला फोन करू नये, हे आपल्या बाजूचे पथ्य. आणि ज्या घरी फोन नाही त्या घरची सूचना मुलाच्या वहीत लिहून द्यावी, पालकांची सही आणवावी. सही आली नाही तर शाळा सुटल्यावर त्या घरापर्यंत चालत जावे. खेड्यात ते घर फार लांब नसते.