वृक्षासन : एका पायावरचा स्थिरभाव



21 जून 2023 रोजी सुरत नगरीत 1,47,952 स्त्रीपुरुष एकाच वेळी योगाभ्यासास उभे राहिले आणि त्या संख्येची नोंद गिनेस विक्रमपुस्तकात झाली. संख्येचे विक्रम पुढे मोडले जातात. परंतु त्या पहाटे घरी परतलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी एकट्याने आसन केले काय, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

या भूमीला योगाचे ऋण नवे नाही. सुरत परिसरातील देगाम या गावी 1897 साली जन्मलेले मणिभाई देसाई हे पुढे श्रीयोगेंद्र म्हणून विख्यात झाले. नर्मदातीरी मालसर येथील परमहंस माधवदासजींचे ते शिष्य. 1918 साली त्यांनी मुंबईत वर्सोव्यास योगसंस्था स्थापिली. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद. गुजरातेतील डभोई येथे मराठी कुटुंबात जन्मलेल्या या साधकाने 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम उभारले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहिल्या. गिरिकंदरातील विद्या गृहस्थाच्या ओसरीवर आली, ती अशा पुरुषांमुळे.

वृक्षासनाचे वर्णन घेरंडसंहितेत आढळते. एक पाय दुसऱ्या मांडीच्या मुळाशी ठेवून वृक्षाप्रमाणे भूमीवर उभे राहावे, एवढाच त्याचा विधी. करावयास घेतले म्हणजे त्यातील मर्म कळते.

आरंभ दोन्ही पायांवरच करावा. विटेवरील पांडुरंगाचे समचरण ज्याने मनोभावे पाहिले आहेत, त्यास ही समस्थिती निराळी शिकवावी लागत नाही. टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ यांवर भार सारखा वाटावा. दृष्टी समोरच्या एका अचल बिंदूवर ठेवावी. मग उजवा तळवा डाव्या मांडीच्या आतील बाजूस लावावा. ते न साधल्यास पोटरीवर ठेवावा, गुडघ्यावर मात्र कधीही दाबू नये. हात छातीशी जोडावेत, श्वास रोखू नये. पाय सावकाश खाली आणून दुसऱ्या बाजूने तसेच करावे. नवख्याने व वृद्धाने भिंतीजवळच उभे राहावे. भोवळ येत असल्यास अथवा घोटा दुखावला असल्यास वैद्यांचा सल्ला प्रथम घ्यावा.

उभा असलेला घोटा क्षणोक्षणी हलतो. साधक त्यास आपले अपयश समजतो, ते योग्य नव्हे. डोळे, अंतःकर्ण आणि तळपायाची जाणीव या तिघांकडून वार्ता घेऊन मेंदू तोल सावरीत असतो. ती हालचाल त्या सावरण्याचीच असते. म्हणूनच डोळे मिटताच हे आसन कठीण होते. वृक्षही वाऱ्यात डोलतो, पण मूळ सोडीत नाही.

उतारवयात याचे महत्त्व विशेष. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्राझिली अभ्यासात 51 ते 75 वर्षांच्या 1,702 व्यक्तींना 10 सेकंद एका पायावर उभे केले होते. ज्यांना ते साधले नाही, त्यांच्यात पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. केवळ तोल गेल्याने आयुष्य घटते, असा याचा अर्थ नाही. परंतु तोल हा देहाच्या एकंदर स्वास्थ्याचा साक्षी आहे, हे त्यातून दिसते. घरातील एका वृद्धाचे पडणे साऱ्या कुटुंबाची घडी विसकटते, हे तर प्रत्येक घराच्या अनुभवाचे आहे.

उधना-लिंबायतच्या मागांवर दिवसभर उभा राहणारा कामगार असो की देवळाच्या पायऱ्या जपून उतरणारी आजी असो, प्रत्येकास दिवसाकाठी दोन मिनिटे देता येतील. वृक्ष एका दिवसात मूळ धरीत नाही. स्थैर्यही नित्य पाण्यानेच रुजते.