६३ नावं आणि कॅप्स लॉक

कुणी कामं आवरून बसला असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज आमची एक फजिती सांगतो.

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाला कर्जाच्या प्रस्तावासोबत सभासदांची यादी द्यायची होती. ६३ जणींची नावं, खातेनंबर आणि बँकेचा आयएफएससी कोड. आमच्यातल्या दोघी संगणक शिकल्यात. दोन संध्याकाळ बसून त्यांनी वर्डमध्ये इंग्रजीत यादी टाइप केली. तालुक्याला नेली, तर साहेब म्हणाले, "नावं कॅपिटलमध्ये पाहिजेत. उद्या दुपारपर्यंत आणा."

उद्याचा रोज बुडणार म्हणून दोघींनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात शेजारची बारावीतली पोर आली. म्हणाली, "काकू, पुन्हा कशाला टाइप करता? अक्षरं बदलून घ्या की!"

आपल्या मराठीत ही भानगडच नाही बघा. आपला 'क' वाक्यात कुठंही आला तरी तोच. इंग्रजीत मात्र एकाच अक्षराची दोन रूपं, थोरलं आणि धाकटं. ती संगणकाला आपसांत बदलता येतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

करायचं एवढंच. नावांवरून माउस ओढून ती निवडायची. मग शिफ्ट धरून एफ-थ्री दाबायचं. दाबत राहिलं की कधी सगळी अक्षरं धाकटी, कधी सगळी थोरली, कधी नुसतं पहिलं अक्षर थोरलं, अशी रूपं फिरत राहतात. हवं ते आलं की थांबायचं. काही लॅपटॉपवर सोबत एफएन हे बटणही धरावं लागतं. बटणं नको वाटली तर वर 'होम'मध्ये अक्षरांच्या आकाराच्या आकड्याजवळ थोरला ए आणि धाकटा ए शेजारी काढलेलं चिन्ह आहे. तिथं 'अप्परकेस' निवडायचं. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिस रायटरमध्येही शिफ्ट आणि एफ-थ्री चालतं. एक्सेलमध्ये मात्र नाही, तिथली रीत वेगळी.

आम्ही हुरळून अख्खं पानच निवडलं आणि वरचा मराठी मथळा पार विचित्र झाला! तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होता. त्या फॉन्टात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, त्यामुळे धाकट्याचं थोरलं केलं की मराठी अक्षरच बदलतं. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मराठीला असं काही होत नाही. घाबरू नका, कंट्रोल धरून झेड दाबलं की पहिल्यासारखं होतं. मग आम्ही फक्त नावांचा रकाना निवडला.

आता खरी गोष्ट. आयएफएससी कोड ११ खुणांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची आणि पाचवं कायम शून्य. घाईत शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' पडतो आणि थोरल्या अक्षरांत दोन्ही सारखेच दिसतात. आम्ही कोडचा रकाना मुद्दाम एकदा धाकटा करून पाहिला. 'ओ' लगेच बुटका झाला, शून्य होतं तेवढंच उंच राहिलं. पाचव्या जागेवर दोन ठिकाणी बुटका 'ओ' सापडला! त्या दोघींचे कोड पासबुकाशी ताडून दुरुस्त केले आणि रकाना परत थोरला केला. तशीच यादी गेली असती तर त्या दोघींच्या पैशांचा घोळ निस्तरत आम्ही बसलो असतो.

नावातलं स्पेलिंग चुकलं असेल तर ते यानं सुधारत नाही, तेवढं आधारकार्ड समोर ठेवून डोळ्यांनीच बघावं लागतं. आम्ही दोघीदोघी बसलो, एक वाचायची, दुसरी बोट ठेवायची. रात्री नऊला काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला यादी पोचली. रोज कुणाचा बुडाला नाही, एसटीनं एकच जण गेली होती.