आकडा पडला तिथेच खुंटी



मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. शेती, वैद्यक, समाजशास्त्र, शिक्षण अशा सगळ्या विभागांतली माणसं आपापले आकडे घेऊन माझ्या दारी येत राहिली. त्यामुळे आज पदवी घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांना जे सांगणार आहे ते कुठल्या एका शाखेपुरतं नाही.

माझी पहिली नोकरी पीक कापणी प्रयोगांवर देखरेखीची. मराठवाड्यात, रब्बी ज्वारीच्या हंगामात. गावातला कुठला गट नंबर घ्यायचा हे रँडम आकड्यांवरून ठरायचं. मग शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, ठरलेल्या आकड्यांप्रमाणे लांबीकडे इतकी आणि रुंदीकडे इतकी पावलं मोजायची, आणि थांबू तिथे पहिली खुंटी ठोकायची. दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखायचा, दोरी ताणायची, आतली ज्वारी कापून, मळून तोलायची.

एका गावात आकडा नेमका खडकाळ पट्ट्यात पडला. ताटं कमरेलाही लागत नव्हती, कणसं अंगठ्याएवढी. बरोबरचे अधिकारी म्हणाले, "बाई, हे काय या शेताचं खरं चित्र आहे? चार पावलं वर सरका, तिकडं कशी भरलीय बघा." शेतमालकाला मात्र तीच जागा हवी होती, उतारा कमी दिसला तर शेतसाऱ्यात सूट मिळण्याची आशा. दोघांची जुंपली. गावचे तलाठी तोवर बांधावर गप्प उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, आकडा तालुक्यावरून आलाय. तो तुमचा बी न्हाई अन् ह्यांचा बी न्हाई. खुंटी हितंच." आणि त्यांनी ती ठोकलीसुद्धा.

रँडम निवड कशासाठी करायची याचं इतकं नेमकं उत्तर मला पुढे कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. पीक बघून झाल्यावर जागा निवडायचा हक्क कोणालाच नको. साहेबाला नको, मालकाला नको, आणि संशोधकाला तर नकोच नको.

या पद्धतीमागे आपल्याच मातीतला एक माणूस आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्यातल्या बुध गावचे. त्याआधी पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी, बांधावरून नजर फिरवून सांगितलेला आकडा. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस छोटे छोटे तुकडे कापून नमुना पाहणी करत होते. त्यात वेळ आणि पैसा वाचायचा. सुखात्म्यांनी १९४६ साली 'नेचर'मध्ये लिहिलं की फार लहान तुकड्यांतून उतारा फुगून येतो. कारण अगदी शेतातलं आहे. दोरीवरचं ताट आत धरायचं की बाहेर? भरलेलं कणीस दिसलं की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. त्यात लबाडी नसते, हाताची ओढच तशी. तुकडा जितका लहान, तितका कडेच्या ताटांचा वाटा मोठा. महालनोबीसांचं म्हणणं, माणसं नीट तयार केली तर हे टाळता येतं. हा वाद बराच गाजला. दोघेही मोठेच, पण मी सुखात्म्यांच्या बाजूची आहे, कारण तो हात मी पाहिला आहे.

आता माझी तक्रार. ती कितीही वेळा केली तरी माझं समाधान होत नाही.

प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात पेन ड्राइव्ह घेऊन वैद्यकाचे विद्यार्थी येतात. "मॅडम, तेवढं सिग्निफिकंट करून द्या." रुग्ण तीसच का घेतले? तर मागच्या बॅचच्या सीनिअरने तीस घेतले होते. एकदा दोन वेदनाशामकांची तुलना आली. चोवीस तासांनंतरच्या वेदनेत फरक काहीच नव्हता. मार्गदर्शकांचा फोन आला: सहा तासांचं बघा. तिथेही नाही. मग फक्त बायकांचं बघा, पन्नाशीच्या पुढच्यांचं बघा. मी नकार दिला. दुसऱ्या कोणी तरी ते करून दिलं, एका कोपऱ्यात फरक सापडला, आणि त्या कोपऱ्यावर प्रबंधाचं शीर्षकच बदललं. औषधांत काडीचाही फरक नसताना वीस स्वतंत्र तुलना केल्या, तर एखादीचं तरी पी-मूल्य ०.०५ च्या खाली, म्हणजे 'सिग्निफिकंट', येण्याची शक्यता ६४ टक्के असते. ते गणित पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं आहे.

आणि दोष फक्त डॉक्टरांना देऊन भागणार नाही. पैसे घेऊन 'निष्कर्ष' हे प्रकरण लिहून देणारे आमच्याच व्यवसायातले आहेत. संशोधन आखताना आम्हाला कोणी बोलवत नाही. ऋणनिर्देशात टंकलेखकाच्या शेजारी जागा मिळते. हे आम्हीही मुकाट्याने सोसत आलो, याचा मला राग आहे.

पण याच देशात खुंटी न हलवता केलेलं काम आहे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाचं केंद्र सुरू झालं. तेव्हाची समजूत अशी की क्षयाच्या रोग्याला सॅनिटोरियममध्येच ठेवायला हवं. विश्रांती, सकस अन्न, मोकळी हवा पाहिजे. केंद्राने रोगी रँडम पद्धतीने वाटले: काही सॅनिटोरियममध्ये, काही आपापल्या दाटीवाटीच्या घरात. औषधं दोन्हीकडे तीच, वर्षभर. घरी राहिलेल्या रोग्यांचं जेवण निकृष्ट होतं, अंगमेहनत चालूच होती. कोणाला कुठे पाठवायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलं असतं तर जास्त आजारी माणसं सॅनिटोरियममध्ये गेली असती आणि तुलना तिथेच संपली असती. १९५९ साली निकाल आला: घरच्या उपचारांचा गुण जवळपास तेवढाच. घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोकाही वाढला नव्हता, हे पुढच्या पाहणीत दिसलं. खाटांच्या प्रतीक्षेत बसलेल्या गरिबांसाठी याचा अर्थ काय, हे मी वेगळं सांगायला नको.

नंतर १९६८ पासून त्याच भागात, चिंगलपेट जिल्ह्यात, बीसीजी लशीची प्रचंड चाचणी झाली. सगळ्यांना अपेक्षा होती ती यशाची. १९७९ साली निकाल आला की मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लशीने संरक्षण दिलेलं दिसत नाही. लहान मुलांच्या गंभीर क्षयासाठी ती आजही देतात, तो प्रश्न वेगळा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की अपेक्षेविरुद्ध गेलेला निकाल जसाच्या तसा छापला गेला. तिथेही बायकांचं वेगळं, पन्नाशीच्या पुढच्यांचं वेगळं काढून काही तरी चमकतं दाखवता आलंच असतं.

२००७ पासून आपल्याकडे क्लिनिकल ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही आहे. पहिला रुग्ण घेण्याआधी त्यात मुख्य मोजमाप लिहून द्यावं लागतं. समाजशास्त्रात, शिक्षणशास्त्रात, शेतीत असं बंधन फारसं नाही. तुमच्यातले जे पुढे संशोधन करतील त्यांनी ते स्वतःवर घालून घ्या. काय मोजणार, कोणात, कितीजणांत, केव्हा, आणि कुठल्या कसोटीने तपासणार, हे आकडे गोळा करण्याआधी एका पानावर लिहा. खाली तारीख आणि सही, शेजारी मार्गदर्शकांची सही. नंतर कोणी 'चार पावलं वर सरका' म्हणालं की ते पान पुढे करा.

कुलगुरू महोदय, हे मुलांच्या एकट्याच्या हिमतीवर सोडू नका. ते पान प्रत्येक प्रबंधाच्या सुरुवातीला बांधणं सक्तीचं करा, आणि 'फरक आढळला नाही' एवढ्याच कारणावरून प्रबंध परत पाठवता येणार नाही, असं कलम नियमांत घाला. मसुदा मी लिहून आणला आहे. कार्यक्रम संपल्यावर आपल्या हाती देते.